कॅनडातल्या लाल पक्षासाठी दारोदार

नागपूर स्टेशनवर मला पोचवायला माझा धाकटा भाऊ नामदेव आला होता. समुद्रपूरची आमची शेती तोच करतो, आणि शेतीपेक्षा राजकारणाच्या गप्पा जास्त करतो. गाडी हलायच्या बेतात असताना खिडकीशी येऊन त्याने विचारलं, "बाई, शालूले तिकीट कोनं देल्लं?"

"तिले कायचं तिकीट? मले जावईबापूनं पाठवलं."

"इमानाचं नाई वो. निवडणुकीचं. कोनाच्या गटाची हाय ते? वर वळख असल्याबिगर तिकीट भेटते काय?"

माझी मुलगी शालू कॅनडाच्या लोकसभेसाठी उभी राहणार आहे, एवढंच तोवर आम्हाला कळलं होतं. कोणाच्या गटाची, हे मलाही ठाऊक नव्हतं. हिंगणघाटच्या मुलींच्या शाळेत मी जन्मभर मराठी शिकवलं. वर्गात उत्तर येत नसेल तर 'उद्या सांगते' म्हणायची सवय आहे. तसंच नामदेवला म्हटलं, "पाहून येते, मंग सांगते." ते सांगणं म्हणजे हे लिहिणं. दुकानात, बाजारात, लग्नाच्या मांडवात तेच तेच सांगून माझा घसा बसला, तेव्हा एकदाचं सगळ्यांनी वाचून घ्यावं.

नदीकाठचं गाव

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मुलीला आणि जावयाला तिथेच राहायचं आहे. टोरांटोपासून मोटारीने फार लांब नाही. परदेश म्हणजे उंच इमारती अशी माझी समजूत होती. गावात शिरले तर मधून नदी वाहतेय आणि नदीच्या काठाला लाल विटांची कापडगिरणी, वर उंच चिमणी. आमच्या हिंगणघाटच्या वेणा नदीकाठची गिरणी उचलून कोणी इथे आणून ठेवली की काय, असं वाटलं. फरक एवढाच की ह्या चिमणीतून धूर येत नव्हता. गिरणी वर्षभरापूर्वी बंद पडली होती.

शालू नागपूरला औषधशास्त्र शिकली आणि लग्न होऊन इकडे आली. गावातल्या औषधाच्या दुकानात ती बरीच वर्षं काम करते. निम्म्या गावाचं ब्लडप्रेशर तिला तोंडपाठ. गिरणी बंद झाली तेव्हा म्हाताऱ्या विणकर बाया गोळ्या घ्यायला यायच्या आणि आमच्या पेन्शनचं काय होणार म्हणून हिलाच विचारायच्या. हिने ओटावाला, म्हणजे त्यांच्या दिल्लीला, पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. तेव्हा आपणच तिथे जाऊन विचारावं, असं हिच्या मनाने घेतलं. एवढं साधं कारण होतं. गट नाही आणि वरची ओळखही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई, मधुकरराव, चहा पिता पिता म्हणाले, "मामीजी, संध्याकाळी रायडिंगची मीटिंग आहे, तुम्ही चला." मी रात्रभराच्या जागरणाने आधीच आंबले होते. म्हटलं, "मी कायले? ह्या वयात मले घोड्यावर बसवता काय?" दोघंही हसत सुटली. तिथे मतदारसंघालाच रायडिंग म्हणतात. का म्हणतात ते त्या दोघांनाही धड सांगता आलं नाही, आणि घोडा तर मला अख्ख्या मुक्कामात दिसला नाही.

त्यांच्याकडे पक्ष रंगाने ओळखतात. लाल पक्ष बरीच वर्षं राज्यावर होता, निळा पक्ष त्याला खाली खेचायला टपला होता. शालू लाल पक्षाची. लालवाल्यांचा जुना नेता नुकताच पायउतार झाला होता आणि नवा निवडायचा होता. ते सगळं आम्ही टीव्हीवर पाहिलं. आपल्याकडे नेता बंद खोलीत ठरतो आणि मग 'एकमताने' म्हणून जाहीर होतो. इथे मोठ्या मंडपात गावोगावचे प्रतिनिधी बसलेले, डोक्यावर गवती टोप्या, हातात फलक, मध्ये बँड. एक फेरी मतदान झालं की तळाचे गळतात. आणि गळलेला माणूस घरी जात नाही. तो उठतो आणि सगळ्यांच्या देखत चालत चालत ज्याला पाठिंबा द्यायचा त्याच्याकडे जातो. माणसं दुतर्फा सरकून त्याला वाट देतात. मी पाय वर घेऊन सोफ्यावर बसले होते, तर तो कुठे वळतो हे बघायला चक्क उठून उभी राहिले.

"आई, आमच्या गावात बी असंच होईन," शालू म्हणाली. "आमी तिघं हावो. वकील हॉलिस, गिरणीचा जुना कामगार पुढारी वॉल्टर, अन् मी. पक्षाचे सभासद मतं देतील. जो जिंकला तो उमेदवार."

"म्हंजे तिकीट लोकंच देते?"

"लोकंच. इथलेच."

हे नामदेवला सांगितलं तर तो मला खोटं ठरवेल, हे मला तेव्हाच कळलं.

गिरणीमागची आळी

नवा नेता आला आणि थोड्याच दिवसांत निवडणूक जाहीर झाली. आता शालूची गडबड सुरू झाली. दुकानातलं काम संपलं की ती सभासदांच्या घरी जायची, आणि मी तिच्याबरोबर. पायात मधुकररावांनी घेऊन दिलेले कॅनव्हासचे बूट, वर नऊवारी. पहिल्याच संध्याकाळी एका हिरवळीवर पाय ठेवला आणि जमिनीतून पाण्याचे फवारे उडाले. आपोआप झाडं शिंपणारं यंत्र होतं ते. ओल्या लुगड्याने मी पुढची चार-पाच घरं केली. त्या लोकांना वाटलं असेल, भारतात असंच हिंडतात.

तिकडे दारात गेलं की कोणी या-बसा म्हणत नाही. अर्धं दार उघडून उभ्या उभ्या बोलतात. वाईट मात्र बोलत नाहीत. 'खूप वर्षं झाली तुमच्या पक्षाला, आता बदल हवा' हे तर हसत हसत, हवापाण्याचं बोलावं तसं सांगतात. शालू न चिडता सगळं ऐकून घ्यायची. मला मात्र राग यायचा. तिला म्हटलं, "तोंडावर सांगून राह्यले, तुले मत देत नाई म्हून." ती म्हणे, "तोंडावर सांगतात ते बरं हाय. आपल्याकडे सगळेच हो म्हंतात."

हे मात्र मला कबूल करावं लागलं.

निरोप घेण्याचं काम माझं होतं. माझं इंग्रजी जेमतेम, पण दारातून निघताना मुकाट्याने पाठ फिरवायची हे मला जमेना. आणि 'जाते' तर आपल्यात कोणी म्हणत नाही. जो परत यायचा नाही तोच जातो. बाकी सगळे येतात. समोर उभी असलेली माणसं म्हातारी, त्यांच्या उंबऱ्यावर 'आम्ही जातो' असं अभद्र कशाला बोलायचं? म्हणून मी प्रत्येक दारात हात जोडून म्हणत असे, "थँक यू. वुई कम." शालू तोवर पुढच्या घराकडे वळलेली असायची.

आठवडाभराने शालूच्या घरी फोन यायला लागले. पहिला फोन गिरणीमागच्या आळीतल्या डोरिसबाईंचा. ह्या जुन्या विणकर, गुडघ्यांनी दगा दिलेला, चाकं लावलेली आधाराची चौकट ढकलत चालायच्या. त्यांचं म्हणणं, लुगडेवाल्या बाई 'आम्ही येतो' म्हणून गेल्या त्या अजून आल्या नाहीत. त्यांच्यासाठी दोनदा 'पाय', म्हणजे तिकडचा भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, केला, दोन्ही वेळा शेजारणीला द्यावा लागला. तब्येत तर बरी आहे ना?

मग दुसरा फोन आला, मग तिसरा. शालूने कपाळाला हात लावला.

"आई, तू सगळ्याइले काय सांगत होती?"

"काय सांगीन? येतो म्हटलं."

मधुकरराव खुर्चीतून खाली पडायचे तेवढे राहिले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शालूला मात्र हसू आलं नाही. "मी एकेकाले फोन करून माफी मागतो. अर्थ सांगून देतो."

"माफी कायची?" मी म्हटलं. "बोललं ते बोललं. मी जातो सगळ्याइकडे."

"तिकडची मतं वॉल्टरची हायेत आई. चाळीस वर्षं त्याईचा पुढारी हाय तो. उमेदवार निवडाच्या सभेले दिवस किती राह्यले? तिकडे येळ घालवून मले काय भेटन?"

"तुले नसन भेटत. तू दुसऱ्या आळीत जाय. शब्द माह्या तोंडून गेला, मी जाईन."

तिला राग आला होता आणि मलाही. पण शब्द दिला नव्हता असं सांगत फिरण्यापेक्षा दोन पायांनी चालून येणं मला सोपं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी एकटी निघाले. सकाळी आलूबोंडे तळायचे, डबा भरायचा आणि चालू लागायचं.

आता दारं पूर्ण उघडू लागली. कारण मी मतं मागायला आले नव्हते, म्हटल्याप्रमाणे आले होते. डोरिसबाईंनी तिसऱ्यांदा 'पाय' केला. रुबार्ब नावाच्या तांबूस देठांचा, साखर घालून केलेला. चव आंबट, अगदी आपल्या अंबाडीसारखी. मी खुणांनी सांगितलं की आम्ही अशीच भाजी भाकरीबरोबर, तिखट घालून खातो. त्यांनी तोंड वाकडं केलं. मग माझा आलूबोंडा खाल्ला, पाण्याचे दोन पेले प्यायल्या आणि अजून एक मागितला. त्यांनी मला गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात बहिऱ्या झालेल्या मैत्रिणींचे फोटो दाखवले. मी हिंगणघाटच्या गिरणीच्या भोंग्याचा आवाज काढून दाखवला. त्यांच्याकडेही भोंगाच होता. दोघींना एकमेकींचं इंग्रजी निम्मं कळत होतं, तरी दुपार सरली.

निघताना त्या म्हणाल्या, "निवडणूक आली की माणसं येतात. निवडणुकीत दुसऱ्यांदा कोणी येत नाही. वॉल्टरही नाही." मी शालूला हे सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी दुकानातून थेट त्या आळीत आली आणि डोरिसबाईंच्या स्वयंपाकघरात बसून पेन्शनचे कागद वाचू लागली.

हॉलिससाहेबांची भेट

सभेच्या दोन दिवस आधी वकील हॉलिस स्वतः घरी आले. गोरेपान, गोडबोले, हातात फुलं. फुलं त्यांनी माझ्या हातात दिली, त्यामुळे मला त्यांच्यावर लगेच रागावता येईना. त्यांचं बोलणं मधुकररावांनी मला मागाहून मराठीत सांगितलं. ते असं की निळ्यांचा जोर आहे, लाल पक्ष ह्या वेळी मार खाणार, नव्या नेत्याला प्रत्येक रायडिंगमध्ये ओळखीचा आणि वजनदार माणूस हवा. शालूने आपलं नाव मागे घ्यावं. पुढच्या निवडणुकीत ते स्वतः तिच्यासाठी उभे राहून बोलतील. पक्षाच्या स्थानिक कमिटीत मोठं पद तर लगेचच.

 ते गेल्यावर मधुकरराव म्हणाले, "शालू, माणूस खोटं बोलून नाई राह्यला. पक्ष बुडनारच हाय. बुडत्या नावेत पाय ठेवून काय फायदा? पद घे, पुढच्या टायमाले पाहू."

मधुकरराव भले गृहस्थ आहेत, आणि त्यांचं बोलणं हिशेबाने बरोबर होतं. शालू खिडकीशी बसून राहिली. मला तिच्या तोंडावरून दिसत होतं, ती डळमळली आहे.  हरली असती तर मला सहन झालं असतं. न लढता घरात येऊन बसली असती तर मी ते कसं सोसलं असतं, मला सांगता येत नाही.

"काय करू आई?"

"मले कायले इचारतं? मले तिथं मत नाई."

"तरी सांग ना."

"तू कायच्यासाठी उभी राह्यली, ते सांग पह्यले."

ती खिडकीकडून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "त्या बायाइच्या पेन्शनसाठी."

"मंग हॉलिस पेन्शनबद्दल काय बोलून गेला?"

तो एक शब्दही बोलला नव्हता. शालू उठली, फोन उचलला आणि हॉलिसना नम्रपणे नाही म्हणाली. मधुकररावांनी एक सुस्कारा टाकला, मग बाही सरसावून सभेला लागणारे फलक रंगवायला बसले. त्या माणसाचं हे मला आवडतं. आपलं मत चाललं नाही म्हणून तो रुसत नाही.

शाळेच्या व्यायामशाळेत

सभा एका शाळेच्या व्यायामशाळेत होती. बास्केटबॉलच्या जाळीखाली व्यासपीठ. एका अंगाला हॉलिसचे लोक, मध्ये वॉल्टरचे, दुसऱ्या अंगाला आमचे. आमच्यात औषधाच्या दुकानातली गिऱ्हाइकं, दोन-तीन पंजाबी कुटुंबं, शालूच्या मैत्रिणी. खुर्च्या बऱ्याच रिकाम्या. मला मताचा हक्क नव्हता, पण बसायला कोणी मनाई केली नाही.

तिघांची भाषणं झाली. हॉलिस नव्या नेत्याबद्दल बोलले, मध्येच दोन वाक्यं फ्रेंचमध्ये टाकली. त्या देशात दोन्ही भाषा आल्याशिवाय मोठा पुढारी होता येत नाही म्हणे. वॉल्टर गिरणीच्या संपाबद्दल बोलला. हा उंच, वाकलेला, भरघोस भुवयांचा म्हातारा. शालू पेन्शनबद्दल बोलली, फार थोडं आणि सरळ.  टाळ्या बेताच्याच पडल्या.

चिठ्ठ्या टाकून पहिली फेरी झाली. हॉलिस पुढे, शालू मागे, वॉल्टर तळाला. वॉल्टर गळला.

आता वॉल्टर कोणाकडे चालत जातो, त्यावर निकाल होता. तो उठला.  त्याने कोट नीट केला, एकदा आमच्याकडे पाहिलं, आणि वळून हॉलिसकडे चालू लागला. हॉलिसच्या लोकांनी उभं राहून त्याला वाट दिली. दोघांनी हात धरून वर उचलले. शालूने डोळे मिटून घेतले. मी तिचा हात धरला. संपलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात मधल्या खुर्च्यांमधून चाकं करकरण्याचा आवाज आला. डोरिसबाई उठल्या होत्या. त्यांनी छातीवरचा वॉल्टरचा बिल्ला काढला, पर्समध्ये ठेवला, पर्स बंद केली आणि चौकट ढकलत, सगळ्यांना थांबवून ठेवत, एकेक पाऊल टाकत आमच्याकडे आल्या. माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "आम्ही आलो."

त्यांच्यामागून त्यांची बहिरी मैत्रीण आली. मग आळीच्या टोकाला राहणारे दोघं भाऊ, मग ज्यांच्या कुत्र्याने माझा आलूबोंडा पळवला होता त्या बाई. वॉल्टर हॉलिसचा हात धरून तिकडे उभा, आणि त्याची माणसं एकामागून एक इकडे. आमच्या खुर्च्या पुरेनात. मी उठून जागा दिली आणि भिंतीला टेकून उभी राहिले, कारण डोळ्यांतलं पाणी कोणाला दिसू नये असं वाटत होतं.

दुसऱ्या फेरीत शालू जिंकली. लोकांनी तिला अक्षरशः उचललं. गर्दी ओसरल्यावर वॉल्टर माझ्याकडे आला आणि भुवया चढवून म्हणाला, "ह्या बायकांना मी चाळीस वर्षं ओळखतो. एकीनेही कधी माझं ऐकलं नाही." मग डब्यात काही उरलं आहे का, असं विचारलं. मी उरलेला आलूबोंडा त्याला दिला. त्याने तो तिथेच उभ्या उभ्या खाल्ला आणि दुसऱ्या दिवसापासून शालूच्या प्रचाराला लागला.

परत हिंगणघाट

पोळ्याच्या आत मला परतायचं होतं. बैलांच्या पूजेला घरातली मोठी बाई हवी, असा नामदेवचा हट्ट असतो. शालूची खरी निवडणूक पोळ्यानंतर होती, म्हणून ती मला पाहायला मिळाली नाही. विमानतळावर तिचा गळा बसलेला होता, पायांना पट्ट्या बांधलेल्या होत्या. वर्तमानपत्रं रोज लाल पक्ष साफ होणार म्हणून लिहीत होती. तीही ते वाचायची आणि वाचून झालं की यादीतल्या पुढच्या रस्त्याला निघायची.

निकालाच्या दिवशी मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कापडदुकानात फोनची वाट पाहत बसले. आमच्यासाठी येणारे फोन तिथेच येतात. दुकानदार रतनशेठ, चार गिऱ्हाइकं, समुद्रपूरहून आलेला नामदेव, सगळे कान देऊन होते. फोन आला तेव्हा खरखर इतकी होती की मला ओरडावं लागलं.

शालू हरली होती. तीच नाही, देशभर लाल पक्षाची धूळधाण झाली होती. तिचा आवाज रडलेला होता. मी विचारलं, "आता काय करतं?"

"आता? गिरणीच्या आळीत जाऊन राह्यली. सगळ्या घराइले आभार सांगतो."

"आज? थकली असशीन. झोप जरा."

"मंग पुढच्या टायमाले कोनत्या तोंडानं जाऊ, आई?"

लाइन तुटली. मी फोन खाली ठेवला. रतनशेठ कापड मोजायचा गज हातात तसाच धरून उभे होते.

"काय झालं बाई? पोरगी पडली?"

"पडली," मी म्हटलं. "पन बसली नाई."